निकाली म्हणजे काय झालं, तेही लिहा

नोकरीला लागणाऱ्यांची 'पार्श्वभूमी' तपासून देणाऱ्या कंपन्यांचे चालक,
आणि तो अहवाल वाचून नेमणुकीवर फुली मारणारे मनुष्यबळ अधिकारी, यांस



आपली ओळख नाही, पण माझ्या हातचं काम तुम्ही रोज वापरता. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या न्यायालयात मी ३३ वर्षं नोकरी केली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. गावात अजून शिरस्तेदार म्हणतात, वाड्यावस्त्यांवरचे लोक भाऊसाहेब म्हणतात. न्यायालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की खटल्यांची यादी येते ना, त्यातले आमच्या तालुक्याचे कितीतरी खटले मी आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी दोन-दोन बोटांनी टाईप केलेले आहेत. म्हणून हे पत्र लिहिण्याचा थोडा हक्क आणि बरीचशी जबाबदारी माझी आहे, असं मी समजतो.

गेल्या श्रावणात शेजारच्या वाडीतला एक मुलगा माझ्याकडे आला. मुलगा म्हणायची आपली सवय. ३३ वर्षांचा आहे, दोन लेकरांचा बाप. चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर सुपरवायझर म्हणून त्याची निवड झाली होती. मुलाखत झाली, पगार ठरला, रुजू व्हायची तारीख आली. त्याने खोली बघून डिपॉझिटसुद्धा देऊन टाकलं. मग एक ईमेल आला: व्यवसायाच्या गरजा लक्षात घेऊन आम्ही आपली नेमणूक पुढे नेऊ शकत नाही. कारण काय, ते नाही. फोन केला तर 'वरून आलंय'. शेवटी तिथल्याच एका भल्या माणसाने तुमच्या अहवालाच्या एका पानाचा फोटो काढून त्याला पाठवला.

ते पान त्याने मला मोबाईलवर दाखवलं. चार ओळी. पत्ता, हिरवा. शिक्षण, हिरवा. आधीची नोकरी, हिरवा. चौथी ओळ 'क्रिमिनल कोर्ट रेकॉर्ड', तिच्यापुढे लाल ठिपका आणि शेरा: 'रेकॉर्ड फाउंड. आरसीसी, २०११. डिस्पोज्ड.' बस, एवढंच. (आरसीसी म्हणजे नियमित फौजदारी खटला.) ते वाचलं आणि माझ्या पोटात कालवलं. त्याच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'एच' जास्त होता. आमच्या न्यायालयात तो जास्तीचा 'एच' लावणारा माणूस एकच होता, आणि तो मी.

खटला मला पाठ होता. बांधावरच्या बोरीच्या झाडावरून चुलत्या-पुतण्यांत भांडण. काठी, दगड, शिव्या. जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं ३२४, ३२३, ५०४, ५०६ आणि सोबतीला ३४. आमच्या भागात बांध म्हटला की ही कलमं एकमेकांचा हात धरूनच यायची. फिर्यादीत घरातले सात पुरुष. तुम्हाला शहरात बसून हे कळायचं नाही म्हणून सांगतो: आमच्याकडे फिर्याद लिहिताना समोरच्या घरातला एकही बापया मोकळा सोडायचा नाही, अशी रीत आहे. जामीन द्यायला आणि वकिलाकडे पळायला कुणी बाहेर राहू नये, हा त्यातला हिशोब. त्यामुळे दमेकरी आजोबाही आरोपी झाले, आणि तालुक्याच्या गावी पॉलिटेक्निकला शिकणारा हा १९ वर्षांचा पोरगाही आरोपी नंबर सहा झाला. त्या दिवशी तो वर्कशॉपमध्ये होता. पण तो कुठे होता हे विचारायची वेळ यायला सहा वर्षं लागली.

२०१७ मध्ये साक्षीपुरावा झाला. तोवर दोन्ही घरं एकत्र झाली होती, एका बोअरचं पाणी वाटून घेत होती. ३२४ ला तडजोड चालत नव्हती, म्हणून आमच्याकडे जे होतं ते झालं. फिर्यादी पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, मारणारे कोण ते अंधारामुळे दिसलं नाही. घटना दुपारी चारची होती. न्यायाधीश साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, सरकारी वकिलांनी त्याला फितूर जाहीर केलं, आणि पुढच्या तारखेला सातही जण निर्दोष सुटले. दोन वर्षांनी या मुलाच्या लग्नात नवरदेवाला फेटा बांधला तो त्याच फिर्यादी चुलत्याने.

हे सगळं तुमच्या अहवालात यावं अशी माझी अपेक्षा नाही. एक शब्द हवा होता, निर्दोष. तो संकेतस्थळावर होता. नावाने शोधलं की आधी नुसती यादी येते: खटल्याचा नंबर, सरकार विरुद्ध अमुक व इतर सहा. त्या ओळीच्या शेवटी 'व्ह्यू' असं लिहिलेलं असतं. ते दाबलं की पुढच्या पानावर निकालाचा प्रकार दिसतो. तुमच्या माणसाने ते दाबलं नाही. दिवसाला किती नावं तपासायचं बंधन त्याच्यावर आहे ते मला ठाऊक नाही. त्या पोरावर माझा राग नाही. राग आहे तो यादीलाच अहवाल म्हणून विकण्यावर.

माझी पहिली तक्रार ही. 'डिस्पोज्ड' म्हणजे निकाली, आणि न्यायालयात 'निकाली' हा शब्द फार निरुपद्रवी आहे. प्रकरण बोर्डावरून गेलं, एवढाच त्याचा अर्थ. शिक्षा झाली तरी निकाली, सुटला तरी निकाली, आरोपी वारला तरी निकाली, सरकारने खटला काढून घेतला तरी निकाली, दुसऱ्या न्यायालयात वर्ग झाला तरी आमच्या दप्तरी निकालीच. जत्रेच्या फडात निकाली कुस्ती झाली म्हणजे कोण चीतपट झाला ते हजार माणसांनी पाहिलेलं असतं. तुमच्या अहवालात कुस्ती निकाली झाली एवढंच येतं, आणि वाचणारा धरून चालतो की अर्ज करणाराच खाली होता. तेव्हा विनंती अशी की, शेवट लिहिता येत नसेल तर सुरुवातही लिहू नका.

इथं माझा कबुलीजबाब देतो. सगळ्याच नोंदींत 'व्ह्यू' दाबून खरं कळेल असं नाही. २०१३-१४ च्या सुमारास जुने खटले संगणकावर चढवायचं काम आलं तेव्हा रेकॉर्ड रूममधून बस्ते यायचे, धुळीने शिंका यायच्या, दुपारी वीज जायची आणि संध्याकाळी आकडा कळवायचा असायचा. निकालाचा प्रकार निवडायला पडद्यावर एक यादी उघडते. निकालपत्र फाईलमध्ये तळाशी असायचं. ते काढून वाचण्यापेक्षा यादीतलं 'इतर' निवडणं सोपं होतं. सुरुवातीला नाही निवडलं. मार्च आला तेव्हा निवडलं. आज ती 'इतर'ची नोंद कुणाच्या चुलीत जाऊन पडली असेल, कोण जाणे. आम्हाला वाटलं होतं, हे फक्त आकडेवारीसाठी आहे.

आणि नाव! माझी दुसरी तक्रार नावाची. संकेतस्थळाला शोधायला नावाची तीन अक्षरं आणि वर्ष पुरतं. जन्मतारीख तिथं नाही, आधार नाही, फोटो नाही. बापाचं नाव कधी असतं, कधी 'व इतर' मध्ये विरघळलेलं असतं. आमच्या एका तालुक्यात गणेश जाधव किती आणि सचिन पवार किती, ते मतदारयादी उघडून मोजा. एका पोराचा अहवाल मी पाहिला, त्यात नावाला जुळणारे तीन खटले लावलेले होते. एक दारूबंदीचा, एक जुगाराचा, एक अपघाताचा. तिन्ही माणसं वेगळी. त्यातला दारूबंदीवाला तर मी ओळखायचो, वारून सहा वर्षं झाली. तुमच्या शेऱ्यात होतं, 'पॉसिबल मॅच'. वाचणाऱ्याला 'पॉसिबल' दिसत नाही हो, 'मॅच' दिसतं. तेव्हा नावाशिवाय आणखी दोन खुणा, वडिलांचं नाव आणि गाव किंवा वय, जुळत नसतील तर ती ओळ अहवालात येऊच नये.

नावाने शोधल्यावर आरोपीच सापडतो असंही नाही. चेक वटला नाही म्हणून कलम १३८ खाली तक्रार करणारा व्यापारी सापडतो. नवऱ्याविरुद्ध कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज करणारी बाई सापडते. पोटगी मागणारी सापडते. एका परिचारिकेला मुलाखतीत विचारलं गेलं की तुमच्या नावावर कोर्टात केस आहे, त्याचं काय? तिची केस होती. मार खाऊन ती दाद मागायला गेली होती. त्या मुलाखतीनंतर तिला काय वाटलं असेल ते लिहायला मी योग्य माणूस नव्हे. पण न्यायालयात यायची भीती लोकांना आधीच पुष्कळ आहे, त्यात तुम्ही भर घालू नका.

यातली सगळ्यात कडू गोष्ट आता सांगतो. हे संकेतस्थळ कशासाठी झालं? पक्षकाराची एसटीची फेरी वाचावी म्हणून. तारीख पुढे गेली हे कळायला आमच्याकडे लोक ४० किलोमीटरवरून यायचे, दारातल्या बोर्डावर नाव शोधायचे, आणि 'साहेब रजेवर आहेत' ऐकून परत जायचे. आता पोराच्या मोबाईलवर तारीख दिसते. तसंच एफआयआरचं. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाका असं सांगितलं (नाजूक प्रकरणं वगळून), ते कशासाठी? आरोपीला आपल्यावर काय आरोप आहे ते कळावं, जामिनाला धावपळ करता यावी, म्हणून. ज्याच्या सोयीसाठी दार उघडलं, त्याच दारातून त्याचं सामान बाहेर काढलं जातंय. तुमचे वकील म्हणतील, नोंद सार्वजनिक आहे, आम्ही फक्त वाचतो. बरोबर आहे. पाणवठाही सार्वजनिक असतो. म्हणून त्यात काय वाटेल ते धुता येत नाही.

मुदतीकडे येतो. मला फौजदारी कायद्यातलं जे थोडंफार कळतं त्यात एक गोष्ट ठळक आहे: कायद्याला विसरता येतं. तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल आणि तीन वर्षं कुणी खटला भरला नाही, तर न्यायालय साधारणपणे त्याची दखलच घेत नाही. ३२४ त्यातलंच. पासपोर्टचा १९६७ चा कायदा बघा: नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेली असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, पण ती शिक्षा अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतली असली पाहिजे. लोकप्रतिनिधित्व कायदा बघा: दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेला माणूस तुरुंगातून सुटल्यापासून सहा वर्षं निवडणूक लढवू शकत नाही. सातव्या वर्षी लढवू शकतो, निवडून आला तर मंत्रीही होऊ शकतो. उमेदवाराच्या शपथपत्रात प्रलंबित खटले आणि झालेल्या शिक्षा लिहाव्या लागतात. ज्यातून सुटला ते खटले कुणी विचारत नाही. म्हणजे शिक्षा भोगलेल्याला विधानसभेचा दरवाजा सहा वर्षांनी उघडतो, आणि निर्दोष सुटलेल्याला गोदामाचा दरवाजा खटला झाल्यापासून चौदा वर्षांनीही उघडत नाही. सुपरवायझरची जागा आमदारकीपेक्षा इतकी पवित्र असेल असं वाटलं नव्हतं.

मुलांच्या बाबतीत तर कायदा आणखी स्पष्ट आहे. २०१५ चा बाल न्याय कायदा म्हणतो, विधिसंघर्षग्रस्त बालकाला त्या निकालामुळे पुढे कसलीही अपात्रता चिकटता कामा नये. अपिलाची मुदत किंवा ठरवून दिलेला काळ गेला की नोंदी नष्ट करायच्या. आणि प्रकरण संपलेलं असेल तर पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठीसुद्धा ती नोंद कुणाला सांगायची नाही. पहिल्या दोन गोष्टींना अपवाद आहे तो सोळा पूर्ण झालेल्या मुलाने केलेल्या आणि मोठ्यांसारखा खटला चाललेल्या निर्घृण गुन्ह्याचा. पोलिसांना जे सांगायला बंदी आहे, ते तुमच्या माणसाने वाडीवर जाऊन चहाच्या टपरीवर विचारून अहवालात घालावं, हे कसं काय? 'शेजाऱ्यांकडून चौकशी' हा तुमचा एक रकाना असतो. शेजारी! आमच्या वाडीत शेजारी म्हणजे तोच, ज्याच्याशी बांधावरून भांडण झालेलं असतं.

विलायतेत १९७४ पासून कायदा आहे की ठरावीक वर्षं पुन्हा गुन्हा केला नाही तर बहुतेक जुन्या शिक्षा मिटल्या असं धरायचं, आणि साध्या नोकरीसाठी त्या सांगायचं बंधन उरत नाही. आपल्याकडे मोठ्यांसाठी तसा सरसकट कायदा नाही. पण कायदा नाही म्हणून रीतही नसावी असं थोडंच आहे. किरकोळ गुन्हा, त्याला सात वर्षं झाली, नंतर काही नाही, तर ती ओळ गाळायची, एवढं तुम्ही तुमच्या कंपनीत उद्या ठरवू शकता. २०२० च्या टाळेबंदीत घराबाहेर सापडलेल्या लोकांवर कलम १८८ लागलं होतं. २०२२ मध्ये राज्य सरकारने ते खटले मागे घेण्याचं जाहीर केलं. सरकारला जे ओझं वाटलं ते तुम्ही अजून अहवालात वाहताय.

आता तुमची बाजू. ती मला कळत नाही असं समजू नका. २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या तरुणीचा कंपनीच्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून खून केला. २०१४ मध्ये दिल्लीत टॅक्सीचालकाने प्रवासी तरुणीवर बलात्कार केला, आणि त्याच्याजवळचं पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र बनावट निघालं. माझीही नात रात्रीच्या कॅबने घरी येते. शाळेच्या बसवर, पाळणाघरात, म्हाताऱ्यांच्या घरी कामाला ठेवताना चौकशी झालीच पाहिजे, कसून झाली पाहिजे. माझं म्हणणं उलट आहे: तुमची चौकशी कसून होत नाही. ती बोरीच्या झाडावर अडकते आणि बनावट दाखला तिच्या हातून सुटतो.

दुसरा तुमचा मुद्दाही ऐकला आहे. 'निर्दोष म्हणजे काय, पुराव्याअभावी सुटला. साक्षीदार फितूर झाले की सुटतातच.' खरं आहे. फेटा बांधणाऱ्या चुलत्याची गोष्ट मीच वर सांगितली. पण मग संशय घ्यायचा तर निकालपत्र वाचून घ्या. २०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी नेमकं हेच तोललं. खटला सांगून मोकळा झालेल्या उमेदवारालाही नेमावंच अशी सक्ती मालकावर नाही. गंभीर गुन्ह्यातून तांत्रिक कारणाने सुटला असेल तर मालकाला विचार करायची मुभा आहे. पण तरुणपणी घोषणा दिल्या, किंवा किरकोळ गुन्हा होता, तर तो लपवला असला तरी सोडून देता येतो. हा निकाल सरकारी नोकरीबद्दलचा, तुमच्यावर थेट बंधनकारक नसेल. पण त्याच्या मुळाशी जे आहे ते कुठेही लागू पडावं: डोकं वापरा, पद बघा, वय बघा, गुन्हा बघा, मग ठरवा. त्याआधी २०११ मध्ये दिल्ली पोलिसात भरती होऊ पाहणाऱ्या एका तरुणाचं प्रकरण आलं होतं. विशीतली मारामारी, पुढे तडजोड, फॉर्ममध्ये न लिहिलेली. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल देताना व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या पाव चोरणाऱ्या माणसाची आठवण काढली. पोलिसाच्या नोकरीत जे माफ होतं ते नटबोल्ट मोजायच्या नोकरीत का होत नाही?

लपवण्यावरून आठवलं. या मुलाने तुमच्या फॉर्ममध्ये 'तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का?' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं होतं. खरं तेच लिहिलं. अहवाल आल्यावर कंपनीतल्या कुणीतरी त्याचा अर्थ 'माहिती लपवली' असा केला. गुन्हा दाखल होणं, अटक होणं, दोषारोपपत्र जाणं, दोषी ठरणं, शिक्षा होणं, या पाच वेगळ्या पायऱ्या आहेत. आमच्या न्यायालयातला शिपाईसुद्धा त्या सांगू शकतो. तुम्ही प्रश्न एका पायरीचा विचारता आणि उत्तर दुसऱ्या पायरीवर उभं राहून तपासता.

सोलापूरचा माणूस आहे, म्हणून आणखी एक. आमच्या शहरात सेटलमेंट नावाची वस्ती आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, आणि पुढे सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. हजेरी लावल्याशिवाय हलायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. तार गेली, नाव राहिलं. त्या वस्तीतला पोरगा अर्जावर पत्ता लिहिताना काय विचार करतो, ते मी कारकून म्हणून कितीदा पाहिलं आहे. कुणी मावशीचा पत्ता देतो, कुणी नुसता पिनकोड. त्याच्या घरात कुणावर तरी संशयाने धरल्याची नोंद असण्याची शक्यता तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त, कारण चोरी झाली की पोलीस आधी तिकडेच जायचे. अशा नोंदीला तुम्ही 'डेटा' म्हणता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं आणि या जमातींच्या लोकांना उगीच धरू नका असं पोलिसांना बजावलं. रकान्यांची ताकद न्यायालयाला कळली. तुमच्या लाल ठिपक्याची ताकद तुम्हाला कळली पाहिजे.

मनुष्यबळ अधिकाऱ्यांना स्वतंत्र दोन शब्द. अहवाल तुम्ही विकत घेता, पण माणूस तुमच्यासमोर बसलेला असतो. लाल ठिपका आला तर त्याला बोलवा, अहवालाची प्रत द्या, पंधरा दिवस द्या. मालाच्या ट्रकमध्ये खोकं फुटलेलं निघालं तरी तुम्ही पुरवठादाराला उत्तर द्यायची संधी देता. नाकारायचंच असेल तर कारण लिहा. 'व्यवसायाच्या गरजा' हे कारण नव्हे. ते दार लावून घेण्याचा आवाज आहे. आणि पडताळणी रुजू होण्याच्या तारखेआधी संपवा. या मुलाने जुनी नोकरी सोडली होती.

आणि प्रत मागण्याबद्दल थोडं. 'निर्दोष असल्याचा कागद आणून द्या' असं म्हणणं सोपं वाटतं. नकलेचा अर्ज, स्टॅम्प, रेकॉर्ड रूमचा शोध, बस्ता नंबर चुकलेला, संबंधित लिपिक निवडणूक ड्युटीवर. कोणते कागद किती वर्षं ठेवायचे आणि कधी नष्ट करायचे याचेही न्यायालयात नियम आहेत. त्यात मौज अशी की कागदाला मुदत आहे, पडद्यावरच्या ओळीला नाही. उद्या एखाद्याच्या खटल्याचे कागद नियमाप्रमाणे नष्ट झालेले असतील आणि त्याच्यावर खटला होता एवढंच जगाला दिसत राहील. तो सुटला हे तो कशाने दाखवणार?

या मुलासाठी मी स्वतः तीन खेपा घातल्या. रेकॉर्ड रूममध्ये आता जो बसतो तो माझ्याच हाताखाली तयार झालेला, म्हणून बस्ता सापडला. नक्कल मिळाली: पाच पानं, शेवटच्या पानावर मोहोर आणि त्याच्या वर आदेश, 'आरोपी क्र. १ ते ७ यांची निर्दोष मुक्तता करण्यात येते'. जास्तीच्या 'एच'ची दुरुस्ती करून घ्यायचा अर्जही मी दिला आहे. माझ्या बाजूचं जेवढं होतं तेवढं झालं.

ही पाच पानं तुम्हाला पाठवायची आहेत. त्या अहवालाच्या तळाशी तुमचा पत्ता शोधला, नाही. फोन नाही. एक ईमेल आहे, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं आहे की या ईमेलला उत्तर पाठवू नये. तेव्हा कुठे पाठवू, ते कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त शिरस्तेदार
जि. सोलापूर